"हर्ट झालं" म्हणजे नक्की काय झालं?

गेल्या महिन्यात आईच्या पायाचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी राउंडला आलेल्या तरुण डॉक्टरने पट्टीच्या कडेला बोट ठेवून विचारलं, "आजी, हर्ट होतंय का इथं?"

आई म्हणाली, "हात लावला की हुळहुळतं. पण काल रात्रभर ठणकत होतं."

तो थांबला. "ठणकतं म्हणजे?"

आईने मुठीची उघडझाप करून दाखवली. "असं. नाडी उडते ना, तसं."

त्याने केसपेपरवर थ्रॉबिंग लिहिलं, मोठ्या डॉक्टरांना बोलावलं, पट्टी सोडली. एका टाक्याखाली पू धरला होता.

तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाहीये. मी मराठी शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. हर्ट हे क्रियापद मुलांना आवडतं, कारण तिन्ही रूपं सारखीच, पाठ करायला काही नाही. मूळ जुन्या फ्रेंचमधलं, अर्थ धडकणं, आदळणं. आज गुडघा दुखला तरी हर्ट, कुणी कुणाला लागेल असं बोललं तरी हर्ट, मन मोडलं तरी हर्ट. आपल्याकडे दुखणं वेगळं, दुखवणं वेगळं, दुखावणं वेगळं. केलं कुणी आणि झालं कुणाला, हे क्रियापदच सांगून टाकतं.

यात इंग्रजीला नावं ठेवायची नाहीत मला. तीही एका शब्दावर भागवत नाही. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी 1975 साली रुग्णांसाठी एक प्रश्नावली छापली. तीत वेदनेचे 78 शब्द आहेत, 20 गटांत लावलेले. कारण भाजल्यासारखं दुखणं आणि भोसकल्यासारखं दुखणं यांची कारणं वेगळी असू शकतात. कायद्याचंही तेच. 1860 च्या दंड संहितेत हर्ट म्हणजे फक्त शरीराची वेदना, रोग किंवा दुर्बलता. मराठीत आपण त्याला दुखापत म्हणतो. पण तेवढ्याने भागेना, म्हणून जबर दुखापतीचे आठ प्रकार पाडले. हाड किंवा दात मोडला तर त्यात, आणि 20 दिवस माणसाला रोजची कामं करता आली नाहीत तरी त्यात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेने ते 20 चे 15 दिवस केले.

म्हणजे ज्यांचा शब्द, ते तो इतका तोलून वापरतात. आपण मात्र तो उसना आणला आणि घरातले सगळे त्याच्याखाली गाडून टाकले. मनाचे शब्द तर आधी गेले. झोंबतं ते, ज्यात थोडं तरी खरं असतं. खुपतं ते दुसऱ्याचं बरं झालेलं. बोचतं ते बारीक, येताजाता. सलतं ते जुनं, आत मोडून राहिलेल्या काट्यासारखं. आणि जिव्हारी लागतं ते आपल्याच माणसाचं. "मी हर्ट झाले" म्हटलं की यातलं काय झालं ते ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि मला भीती वाटते की हळूहळू बोलणाऱ्यालाही कळेनासं होतं.

त्याहून वाईट आहे ती माफी. "तुला हर्ट झालं असेल तर सॉरी." या वाक्यात "मी" कुठे आहे? ज्याने केलं तो गायबच. उरला तो ज्याला झालं तो, आणि वर "असेल तर".

परवा नववीतल्या दोन मुली माझ्यासमोर उभ्या होत्या. एक म्हणाली, "मॅडम, हिने मला खूप हर्ट केलं." दुसरीने लगेच तेच सॉरीचं वाक्य म्हटलं. मी म्हटलं, दोघी मराठीत सांगा, घाई नाही. पहिली बराच वेळ ओढणीचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "गॅदरिंगच्या नाचातून हिने माझं नाव काढलं. मला सांगितलंसुद्धा नाही. मला नोटीस बोर्डावर कळलं."

डावललं होतं तिला. हर्ट या शब्दात ते कुठंच नव्हतं.

दुसरी "मी" म्हणाली आणि अडकली. बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली, वर्ग रिकामा झाला, तरी ती तिथेच. शेवटी म्हणाली, "मी तुला न विचारता तुझं नाव खोडलं."

मग दोघी रडल्या. डबे मी त्यांना तिथेच माझ्या टेबलावर उघडायला सांगितले.