फ्लोअर राइजमधून व्याज सुटतं का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘बाणेरचा एक बिल्डर’ अशी सही करून तुम्ही मागच्या लेखाखाली चांगली ऐसपैस प्रतिक्रिया लिहिलीत. लेखात मी म्हटलं होतं की पुण्यात हल्ली चाळीस-पन्नास मजली आलिशान निवासी टॉवरच्या ज्या जाहिराती झळकतात, त्यांतल्या बऱ्याचशा टॉवरचं गणित ब्रोशरमध्ये जुळतं, बँकेच्या खात्यात जुळत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : जमीन महागली की वर जाण्यावाचून इलाज नाही, उंचीचा वाढीव खर्च फ्लोअर राइजमधून, म्हणजे वरच्या मजल्यांसाठी घेतल्या जाणाऱ्या चढत्या दरातून, आरामात निघतो, वरळीत एकाच प्रकल्पातले 28 फ्लॅट 1,238 कोटींना गेले तेव्हा गिऱ्हाईक नाही म्हणणं हा कोतेपणा, आणि ‘एफडीच्या व्याजावर जगणाऱ्या सदाशिव पेठी माणसाने’ दहा कोटींच्या घराचं अर्थकारण शिकवू नये.

शेवटचं आधी निकालात काढतो. एफडी आहेत, नाकारत नाही. पण पोट भरलं ते बँकांसाठी बांधकामांचं मूल्यांकन करून. राहतो सिंहगड रोडला. तिथून तुमच्या बाणेरला पोचायला किती वेळ लागतो हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता फ्लोअर राइज. तुमच्या प्रतिक्रियेतला खरा वजनदार मुद्दा हाच आहे, म्हणून आकडे मांडतो. हे समजायला धरलेले आकडे आहेत, तुमच्या साइटचे तुम्ही घाला. मजल्यामागे चौरस फुटाला 50 रुपये जादा आणि चाळीस मजले. अगदी वरचा माणूस 2,000 रुपये जादा देतो, अगदी खालचा काहीच देत नाही, सरासरी पडली 1,000. प्रकल्प आलिशान आहे म्हणून दर दुप्पट करू, म्हणजे सरासरी 2,000. उंचीची कमाई एवढी. आता दुसरी बाजू बघा. जमिनीत 100 कोटी घातलेत आणि पैसा वर्षाला 15 टक्क्यांनी उचललाय. बुटक्या इमारतींना लागणाऱ्या चार वर्षांत ते 175 कोटी होतात, टॉवरला लागणाऱ्या सात वर्षांत 266. फरक 91 कोटींचा. विकायला 2 लाख चौरस फूट कार्पेट असेल तर हा फरक चौरस फुटाला 4,550 रुपये होतो. आणि हा नुसता जमिनीवरच्या पैशाचा हिशेब आहे. उंचीमुळे वाढलेलं काँक्रीट, सळई, लिफ्ट यांना अजून हातही लावलेला नाही.

यावर तुम्ही म्हणाल, टॉवरला सात वर्षं कशाला लागतील? मायवन, म्हणजे ॲल्युमिनियमचे तयार साचे, लावले तर आठ-दहा दिवसांना एक स्लॅब पडतो. पडतो ना. मी पाहिलंय. पण तुमच्या-माझ्यासारख्याला ठाऊक आहे की वेळ स्लॅबमध्ये जात नाही. तो खोदाईत जातो, बेसमेंटमध्ये जातो, राफ्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या जाड काँक्रीटच्या पायात जातो, पोडियममध्ये, म्हणजे टॉवरच्या तळाच्या पसरट मजल्यांत जातो, आणि मग वरच्या बाजूला काचा, लिफ्ट, फायरची एनओसी, ओसी (राहायला परवानगी देणारा भोगवटा दाखला) यांत जातो. खरी अडचण त्याहून वेगळी आहे. त्याच जमिनीवर बारा-बारा मजल्यांच्या चार इमारती घातल्या तर पहिलीची ओसी घेऊन चाव्या देता येतात, उरलेला पैसा हाती येतो, कर्जाचा एक लचका उतरतो, मग दुसरी. बाजार पडला तर तिसरी-चौथी थांबवता येते. टॉवर थांबवता येत नाही. खालच्या पंधरा मजल्यांची पार्ट ओसी कागदावर मिळवालही, पण दहा कोटी मोजलेला माणूस डोक्यावर क्रेन फिरत असताना गृहप्रवेश करणार नाही.

शहराच्या पूर्वेला असा एक सांगाडा मी कामानिमित्त आतून पाहिला. कोणाचा ते सांगत नाही. पोडियमच्या वर सहा स्लॅब झालेले, सातव्यासाठी कॉलमच्या सळया हवेत उभ्या. गंज चढू नये म्हणून त्यांना सिमेंटचं पाणी फासलं होतं, ते पावसाने धुऊन निम्मं उतरलेलं. दुसऱ्या बेसमेंटमध्ये घोटाभर पाणी आणि ते उपसायला एक पंप चोवीस तास चालू. टॉवर क्रेन भाड्याची, तिचं मीटर पडतच होतं, कारण ती उतरवून न्यायची तरी पैसे लागतात. सेल्स ऑफिस मात्र चकाचक. एसी चालू, काचेखाली अख्ख्या टॉवरचं मॉडेल, त्यात दिवे लागलेले. कर्ज देणाऱ्याला मी अहवालात काय लिहिणार? बाराच मजले करायचे ठरले असते तर अर्धी इमारत उभी होती. पंचेचाळिसांतले सहा झाले, तर त्या सहांची किंमत जवळजवळ शून्य, कारण त्यांच्याखाली पंचेचाळीस मजले पेलणारा राफ्ट आणि कॉलम आधीच गाडले गेलेत.

गिऱ्हाइकाचा स्वभावही याच काळात बदलला, आणि तो तुम्ही हिशेबात धरलेला नाही. 2017 पासून महारेरा, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण आहे. आलेल्या पैशातले 70 टक्के स्वतंत्र खात्यात, तेही काम जेवढं झालं त्या प्रमाणात इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीएच्या सहीने काढायचे. करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. पूर्वी बुकिंगच्या पैशावर पाया भरला जायचा आणि तोच पैसा दुसऱ्या साइटच्या जमिनीत जायचा, ते दार बरंचसं बंद झालं. त्यात एप्रिल 2019 पासून चालू बांधकामातल्या घरावर 5 टक्के जीएसटी, आणि तुम्हाला सिमेंट-स्टीलवर भरलेल्या कराची वजावट नाही. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलं तर गिऱ्हाइकाला जीएसटी शून्य. दहा कोटींवर हे पन्नास लाख होतात. साठ लाखांचं घर घेणारा भाडं आणि हप्ता दोन्ही भरत बसू शकत नाही, म्हणून तो लवकर बुक करतो. दहा कोटीवाल्याला राहायला एक घर आहेच. तो पन्नास लाख वाचवून, तयार फ्लॅटमध्ये उभा राहून, खिडकीतून बघून घेतो. म्हणजे ज्या प्रकल्पाला सुरुवातीला पैशाची सगळ्यांत जास्त गरज, त्याचंच गिऱ्हाईक सगळ्यांत शेवटी येतं. मधली खिंड लढवायला मग ‘इन्व्हेस्टर’ येतात. घाऊक भावात दहा-वीस फ्लॅट घेतात आणि ओसीच्या तोंडावर तुमच्याहून कमी दराने तेच फ्लॅट बाजारात आणतात. हे मी तुम्हाला सांगायला हवं असं नाही.

वरळीचं उदाहरण याच खात्यात मोडतं. 28 फ्लॅट, 1,238 कोटी, म्हणजे सरासरी 44 कोटी. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण तो सौदा फेब्रुवारी 2023 मधला, तयार घरांचा आणि एकगठ्ठा. त्याच महिन्याच्या 1 तारखेला बजेटमध्ये जाहीर झालं होतं की भांडवली नफा घरात गुंतवून मिळणाऱ्या करसवलतीला 1 एप्रिलपासून 10 कोटींची कमाल मर्यादा येणार. त्या दोन महिन्यांत मुंबईत महागड्या घरांची जी झुंबड उडाली, तिचा या तारखेशी संबंध तेव्हाच्या बातम्यांतही जोडला गेला होता. एका घाऊक सौद्यावरून किरकोळ मागणी मोजायची असेल तर मोजा, बँक मोजत नाही.

मुंबईचंच घ्यायचं तर वरळीतलंच दुसरं नाव घेऊ. पॅले रॉयाल. 320 मीटरच्या आसपासची योजना, काम 2008 च्या सुमाराला सुरू झालं, मग पार्किंगच्या बदल्यात मिळालेल्या जादा बांधकामावरून आणि रेफ्यूज एरियावरून (आग लागली तर रहिवाशांना थांबायला राखलेली मोकळी जागा) कोर्टकज्जे, थकलेलं कर्ज, आणि 2019 मध्ये कर्ज देणाऱ्याने केलेला लिलाव. जागा वरळीची होती, गिऱ्हाईक होतं, तरी वेळेने खाल्लं. लोअर परळच्या वर्ल्ड वनची घोषणा 442 मीटरची होती. विमानतळाच्या परवानगीअभावी तो 280 मीटरवर थांबला. शिकागोत 2007 साली 610 मीटरच्या, दीडशे मजली निवासी स्पायरचं काम सुरू झालं, पुढच्याच वर्षी मंदीत ठप्प झालं. पाया म्हणून खणलेला भलामोठा गोल खड्डा पुढे कित्येक वर्षं तसाच होता. ‘स्वप्न बघायला धाडस लागतं’ असं तुम्ही लिहिलंत. त्या खड्ड्यामागेही धाडसच होतं.

बुर्ज खलिफाबद्दल दोनच वाक्यं. त्याची कमाई त्याच्याभोवतीच्या शेकडो एकर जमिनीच्या वाढलेल्या भावात आहे, जी त्याच कंपनीच्या हातात होती, आणि तरीही 2010 मध्ये उद्घाटनाच्या दिवशी त्याचं नाव बदलून दुबईच्या कर्जसंकटात मदतीला धावलेल्या अबू धाबीच्या शेखांचं द्यावं लागलं. बाणेरला तुमच्या टॉवरभोवतीची जमीन दुसऱ्यांची आहे.

‘वर जाण्यावाचून इलाज नाही’ हे विधान तपासण्याजोगं आहे, आणि ते तपासलं गेलंय, फार पूर्वी. 1930 साली क्लार्क आणि किंग्स्टन या दोघांनी न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनसमोरच्या भूखंडावर वेगवेगळ्या उंचीच्या ऑफिस-इमारती कागदावर उभ्या करून परतावा काढला. सर्वांत फायद्याची उंची निघाली 63 मजले. त्याच्या वर गेलं की परतावा उतरतो. गंमत म्हणजे हा अभ्यास प्रसिद्ध केला पोलाद-बांधकामवाल्यांच्या संस्थेने, ज्यांना इमारती जितक्या उंच तितक्या हव्या होत्या! मॅनहॅटनच्या ऐन मध्यात, जगातल्या महाग जमिनीवर 63. आपल्याकडचा आकडा वेगळा असेल, पण असा एक आकडा असतो, आणि तो जाहिरात एजन्सीने ठरवायचा नसतो.

परतावा का उतरतो? तर मजला चढला तरी लिफ्ट, जिने आणि डक्ट यांचा गाभा बारीक होत नाही. बारा मजल्यांना दोन लिफ्ट पुरतात, पंचेचाळिसांना पाच-सहा, आणि त्या पाचांची भोकं तळमजल्यापासूनच्या प्रत्येक स्लॅबमध्ये पाडायची. 24 मीटरनंतर आणि पुढे दर 15 मीटरला रेफ्यूज एरिया, म्हणजे दीडशे मीटरच्या टॉवरला आठ-नऊ ठिकाणी न विकता येणारी जागा. ती ‘एफएसआय फ्री’ असते, म्हणजे परवानगीच्या बांधकाम-क्षेत्रात मोजली जात नाही, असं तुम्ही लिहिलंय. एफएसआय फ्री असेल, काँक्रीट फ्री नसतं.

‘श्रीमंत माणूस मेंटेनन्स विचारत नाही’ हेही खरं नाही. न्यूयॉर्कचा 432 पार्क अव्हेन्यू हा 426 मीटरचा टॉवर 2015 मध्ये पूर्ण झाला. तिथल्या रहिवाशांनी 2021 मध्ये गळती, बंद पडणाऱ्या लिफ्ट आणि वाऱ्यात होणाऱ्या करकरीवरून साडेबारा कोटी डॉलरचा दावा ठोकला. त्याच इमारतीत रहिवाशांसाठी खासगी रेस्टॉरंट आहे. तिथे दर वर्षी किमान इतक्याचं खाल्लंच पाहिजे अशी अट होती, ती 1,200 डॉलरवरून 15,000 वर गेली आणि अब्जाधीशांच्या सोसायटीत भांडण जुंपलं. आपल्याकडे तर त्याहून सोप्या गोष्टीवर जुंपतं. बाल्कनीत खासगी पूल, आणि उन्हाळ्यात खाली टँकरची रांग.

राहता राहिलं पुणं. मुंबईत एका बाजूला समुद्र आहे, जमीन संपते. पुणं वाघोलीपासून हिंजवडीपर्यंत आणि उंड्रीपासून मोशीपर्यंत पसरतच चाललंय. ज्याच्याकडे दहा-पंधरा कोटी आहेत त्याला प्रभात रोड-भांडारकर रोडला जुन्या बंगल्याच्या जागी झालेल्या दहा-अकरा मजली इमारतीत, एका मजल्यावर एकच फ्लॅट, शेजारी ओळखीची माणसं आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर मिळतो. तुमचा खरा स्पर्धक दुसरा टॉवर नाही, ती इमारत आहे, आणि ती तीन वर्षांत उभी राहते. नदीच्या पलीकडे, कल्याणीनगर-विमाननगरला, पैसेवाला नवा वर्ग आहे, पण तिथे लोहगावची हवाई दलाची धावपट्टी आहे. तिच्या जितकं जवळ जाल तितकी परवानगीची उंची कमी. आणि ती समुद्रसपाटीपासून मोजतात, त्यामुळे प्लॉट उंचवट्यावर असेल तर वरचे दोन-तीन मजले, ज्यांवर सगळं फ्लोअर राइज अवलंबून, तेच गळतात.

याचा अर्थ पुण्यात एकही टॉवर परवडत नाही असा नाही, आणि मी तसं लिहिलंही नव्हतं. जमीनमालकाशी रेव्हेन्यू शेअरवर, म्हणजे जमीन विकत न घेता विक्रीतला वाटा देण्याच्या बोलीवर, जॉइंट व्हेंचर केलं असेल तर माझं वरचं 91 कोटींचं व्याज तुमच्या वहीतून जातं. पुण्यातले बरेचसे टॉवर त्याच वाटेने उभे राहिलेत. फक्त मग थांबण्याची किंमत त्या शेतकऱ्याच्या किंवा बंगलेवाल्याच्या घरात मोजली जाते, ती वहीत दिसत नाही एवढंच. रुंद रस्त्यावरचा लहान प्लॉट, एफएसआय आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) भरपूर, कर्ज नावापुरतं, आणि बाजार तीन वर्षं झोपला तरी हातातल्या दुसऱ्या कामांवर तग धरता येईल असा बिल्डर, तर खुशाल वर जावं. मूल्यांकनाला आलेल्या फायलींत या चारही गोष्टी एकत्र क्वचित दिसल्या. चौथी तर फारच क्वचित. आणि फ्लॅट पडूनच राहिले तर पूर्णत्वाच्या दाखल्यानंतरच्या दोन वर्षांनी आयकर खातं न आलेल्या भाड्यावरही कर मागतं, तेही लिहून ठेवा.

शेवटी तुम्ही आमंत्रण दिलंय की ‘एकदा साइटवर या, चौतिसाव्या मजल्यावरून पाषाण तलाव बघा आणि मग लिहा’. येतो, चहा तुमच्याकडे. वर नेण्याआधी तेवढं बेसमेंट दाखवा. आणि गेल्या तिमाहीत महारेराच्या साइटवर बुकिंगचा जो आकडा भरलाय, त्यातले किती फ्लॅट एकाच घराण्यात गेलेत तेही सांगा. रविवार सोडून कोणताही दिवस चालेल. रविवारी सॅम्पल फ्लॅट बघायला तुमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते, असं तुम्हीच लिहिलंय.