खुलासा : ‘१०० किमीच्या वर फक्त हायड्रोजन’ हा मेसेज चुकीचा आहे

कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : १०० किमीच्या वर फक्त हायड्रोजन आहे, तिथली हवा कुणी मोजलेलीच नाही, सगळे अंदाज.

दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. साधारण १०० किमीपर्यंत हवा घुसळलेली राहते. नायट्रोजन ७८ टक्के, ऑक्सिजन २१ टक्के. त्यावर वायू वजनाप्रमाणे वेगळे होत जातात. अतिनील किरण ऑक्सिजनचे रेणू फोडतात, म्हणून २०० किमीच्या वर बराच पट्टा सुट्या ऑक्सिजन अणूंचा. मग हेलियम, आणि हायड्रोजन सगळ्यात वर.

मोजमापही झालंय. १९६३ साली ‘एक्स्प्लोरर १७’ उपग्रहाने मास स्पेक्ट्रोमीटर नेऊन तिथले कण वजनानुसार ओळखले. (हवा बाटलीत भरून खाली आणायची गरजच नव्हती.) शिवाय सुट्या ऑक्सिजन अणूंचा स्वतःचा मंद उजेड असतो : ९७ किमीच्या आसपास हिरवा, ५५७.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा, २५० किमीजवळ तांबडा, ६३० चा. डोळ्यांना तो सहसा दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारातूनच अशी निरीक्षणं घेतली गेली आहेत, मग ‘कुणी मोजलं नाही’ कसं म्हणायचं?

मेसेज आला असेल तर कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.