‘गुन्हेगारांच्या वकिलां’वरच्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला: सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या मैत्रिणी, माहेरची मंडळी, आणि शेवटी माझ्याच ज्युनिअरने तो दाखवून विचारलं, ‘मॅडम, याला काय सांगायचं?’ मेसेज असा: ‘गुन्हेगारांचे वकील आता न्यायव्यवस्था सुधारायला निघालेत. त्यांना तारखा लांबवायच्यात, अशील सोडवायचेत आणि धंदा वाढवायचाय. कसाबला वकील आणि बिर्याणी देणाऱ्या देशात पीडितांना कोण विचारतो?’

मी मुंबईत बावीस वर्षं फौजदारी वकिली करते, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने. त्यामुळे उत्तर देणं माझंच काम आहे.

कसाबपासून सुरुवात करते, कारण लोकांचा राग तिथे आहे आणि तो मला समजतो. बिर्याणीची गोष्ट खरी नव्हती. सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी 2015 मध्ये स्वतःच जाहीरपणे सांगितलं की ती आपण रचली होती. वकिलाचं म्हणाल, तर कसाबला वकील मिळाला म्हणूनच त्याची फाशी विशेष न्यायालय, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय अशा तिन्ही ठिकाणी टिकली आणि 21 नोव्हेंबर 2012 रोजी येरवड्यात अमलात आली. बचाव न ऐकता दिलेली शिक्षा अपिलात टिकली नसती.

पण त्याच खटल्यात आणखी दोन भारतीय आरोपी होते, हे मेसेज पाठवणाऱ्यांपैकी कितीजणांना आठवतं? फहीम अन्सारीने मुंबईतल्या ठिकाणांचे नकाशे काढले आणि सबाउद्दीन अहमदने ते पुढे पोचवले, असा आरोप होता. एक नकाशा मारल्या गेलेल्या अतिरेक्याच्या पँटच्या खिशात मिळाला, असं पोलिसांचं म्हणणं. रक्ताने माखलेल्या कपड्यातला कागद इतका स्वच्छ कसा राहिला, हा साधा प्रश्न बचाव पक्षाने विचारला. दोघंही 2010 मध्ये निर्दोष सुटले, आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती सुटका कायम ठेवली. फहीमचे वकील शाहिद आझमी यांना निकाल ऐकता आला नाही. 11 फेब्रुवारी 2010 रोजी कुर्ल्यातल्या त्यांच्या ऑफिसात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. ‘गुन्हेगारांचे वकील’ हा शब्द वाचला की मला ते ऑफिस आठवतं.

आता तारखा. अशील जामिनावर बाहेर असेल तर काही वकील मुद्दाम तारखा मागतात, हे मी नाकारत नाही. ते चूकच आहे आणि त्यांना दंड बसायला हवा. पण आत असलेल्या माणसाला तारीख लांबायला नको असते. आर्थर रोड तुरुंगातून आरोपी आणायला पोलीस एस्कॉर्ट मिळाला नाही, व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स) लागली नाही, तपास अधिकारी बंदोबस्तात आहे, पंचाला, म्हणजे पंचनाम्याच्या साक्षीदाराला, समन्स बजावलंच नाही: कोर्टाच्या रोजच्या नोंदींचे रोजनामे चाळून बघा, कारणं हीच असतात. देशातल्या तुरुंगांत 2022 च्या अखेरीस 5,73,220 कैदी होते आणि त्यांतले 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे खटला न संपलेले. आर्थर रोडची मंजूर क्षमता हजाराच्याही आत आहे, आणि माणसं तिप्पट.

धंदा वाढवण्याच्या आरोपावर माझं सगळ्यात सरळ उत्तर आहे. आम्ही जे मागतोय त्याने आमचं काम कमी होणार आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत उठसूट अटक करू नका, आधी नोटीस द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं. ते प्रत्येक पोलीस ठाण्यात पाळलं गेलं तर माझे निम्मे जामीन अर्ज बंद होतील. फीचा विचार केला तर मी गप्प बसायला हवं.

मग गप्प का बसत नाही? दोन वर्षांपूर्वी एका उपनगरातल्या कोर्टात मला एक बाई भेटल्या. मुलगा डिलिव्हरीचं काम करायचा, मोबाइल चोरीत धरलेला. जामीन तर आठव्या दिवशीच मंजूर झाला होता, पंधरा हजारांचा बाँड आणि एक जामीनदार. जामीनदार म्हणून गावाहून थोरला भाऊ आला. त्याच्या नावावर जालन्याकडे दीड एकर. बाईंनी सातबारा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, घडी न घालता, छातीशी धरून ठेवला होता. कोर्टाच्या कारकुनाच्या टेबलावर सांगितलं, ‘मुंबईतला माणूस आणा.’ मुंबईत त्यांना ओळखणारा एकच, ज्याच्या खोलीत सहाजण भाड्याने राहत, आणि त्याच्याकडे ना पगाराची स्लिप ना घराचे कागद. मी वकीलपत्र दाखल केलं तोवर मुलगा जामीन मिळूनही एकसष्ट दिवस आत होता.

आणि हे कायद्याने केव्हाच सुटायला हवं होतं! 1978 मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी सांगितलं होतं की दुसऱ्या जिल्ह्यातली मालमत्ता म्हणून जामीनदार नाकारता येत नाही. तिथेही भाऊच जामीनदार होता. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं: महिनाभरात बाँड भरता आला नाही तर कोर्टाने स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करावा. मी ते दोन्ही निकाल जोडून अर्ज केला, मुलगा जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर, सुटला. नोकरी गेली होती, खोलीतली त्याची जागा दुसऱ्याला दिली होती. पुढे फिर्यादीनेच साक्षीत सांगितलं की चोर मी पाहिलाच नव्हता.

पैसेवाल्याला यातलं काही भोगावं लागत नाही. त्याचा जामीनदार संध्याकाळच्या आत उभा राहतो. म्हणून सुधारणा म्हणजे बड्या गुन्हेगारांची सोय, हे म्हणणं मला उलटं वाटतं.

राहिला पीडितांचा मुद्दा, जो माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा. झडतीचं चित्रीकरण, गंभीर गुन्ह्यात फॉरेन्सिक पथक घटनास्थळी जाणं, या गोष्टी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, आल्या आहेत. बचावाचे वकील कित्येक वर्षं हेच मागत होते, कारण ‘स्टॉक पंच’, म्हणजे पोलिसांचे नेहमीचे ठरलेले पंच, आणि कोऱ्या कागदावरच्या सह्या यांनी केस उभी राहते, पण खरा गुन्हेगार सापडेलच असं नाही.

11 जुलै 2006 ला संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात स्फोट झाले. मी तेव्हा ज्युनिअर होते, त्या रात्री चर्चगेटहून चालत घरी गेले. 2015 मध्ये बाराजणांना शिक्षा झाली, पाचजणांना फाशी. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं. त्यांचे कबुलीजबाब न्यायालयाने स्वीकारले नाहीत. प्रकरण आता सर्वोच्च न्यायालयात आहे. तिथे जर हा निकाल टिकला, तर त्या गाड्यांत ज्यांची माणसं गेली त्यांना इतक्या वर्षांनी कळेल की बॉम्ब कुणी ठेवले हे कुणालाच ठाऊक नाही.