बीडीडी चाळींसाठी रडायचंच असेल तर नीट माहिती घेऊन रडा

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या बीडीडी चाळींतल्या, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी सरकारने कामगारांसाठी बांधलेल्या चाळींतल्या, ५५६ कुटुंबांना पुनर्विकासात बांधलेल्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तेव्हापासून माझ्या फीडवर दोनच प्रकारच्या पोस्ट येतात. एकीकडे पुढाऱ्यांचे चाव्या देतानाचे फोटो, दुसरीकडे ‘चाळसंस्कृती संपली हो’ म्हणून गळा काढणं. फोटोंचं मला काही वाटत नाही, ते निघणारच. गळा काढणाऱ्यांशी मात्र बोलायचंय, कारण त्यांतले निम्मे माझेच मित्र आहेत आणि जवळपास सगळे स्वतः फ्लॅटमध्ये राहतात.

मी नायगावच्या बीडीडीत वाढलो. लग्नानंतर डोंबिवलीला आलो, पण मोठा भाऊ आणि वहिनी तिथेच राहिले. त्यामुळे इकडचंही कळतं, तिकडचंही.

तर पहिली गोष्ट. ‘बीडीडीच्या गॅलरीत बसून रंगलेल्या गप्पा’ असं कुणी लिहिलं की समजायचं, हा माणूस आत कधी गेलेला नाही. गिरगावातल्या चाळींना बाहेरच्या बाजूने लाकडी कठडा असतो, तशी गॅलरी बीडीडीला नाहीच. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, दहा इकडे आणि दहा तिकडे. मधून बोळ, त्याला आम्ही पॅसेज म्हणायचो. भर दुपारीही तिथे दिवा लावावा लागायचा. एका चाळीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. त्यातच मोरी, ओटा, देव आणि माणसं. संडास मजल्याचे सामाईक. आई पहाटे साडेचारला उठायची ती काही काकड आरतीसाठी नाही. पुरुषांची रांग लागायच्या आत तिला जाऊन यायचं असायचं. मजल्यावरच्या सगळ्याच बायकांचा हा हिशोब होता आणि कित्येकींनी त्यापायी रात्री पाणी पिणं सोडलं होतं. आठवणींच्या पोस्टमध्ये हे कुणी लिहीत नाही, कारण लिहिणारे बहुतेक मुलगे असतात.

या चाळी मुळात झाल्या कशा, तेही बघण्यासारखं आहे. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत गिरण्या जोरात होत्या आणि कामगार मिळेल तिथे राहत होता. जॉर्ज लॉइड गव्हर्नर असताना १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं, तेच बीडीडी. योजना होती ५०,००० खोल्यांची. पैसा कर्जातून आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया जकात लावून. प्रत्यक्षात झाल्या २०७ चाळी. वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला म्हणजे आताच्या ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. गुणाकार करून पाहा, खोल्या जेमतेम साडेसोळा हजारांच्या आसपास भरतात. याच खात्याने बॅकबेला समुद्रात भराव टाकायचं कामही काढलं होतं. त्यातला घोळ वीर नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला, तो मुंबईच्या इतिहासातला एक गाजलेला वाद आहे. चाळींचं फारसं गाजलं नाही, पण चुका तिथेही कमी नव्हत्या.

म्हणजे बघा, कामगारांसाठी बांधलेल्या या खोल्यांत सुरुवातीला कामगार यायलाच तयार नव्हता. वरळी गिरण्यांपासून लांब, भाडं त्या मानाने जास्त, आणि काँक्रीटच्या त्या खोक्याला ना पुरेसा उजेड ना वारा. वरळीच्या कितीतरी चाळी रिकाम्या पडल्या होत्या. १९३० च्या सविनय कायदेभंगात सत्याग्रहींना ठेवायला तुरुंग कमी पडले, तेव्हा सरकारने वरळीच्या या चाळींतच तात्पुरता तुरुंग उघडला. ज्या घराचा तुरुंग करताना फारसं काही बदलावं लागलं नाही, त्याला आपण आज ‘संस्कृती’ म्हणतोय!

संस्कृती होती, नाही असं नाही. ती इमारतीने दिलेली नव्हती, माणसांनी त्या इमारतीच्या नाकावर टिच्चून उभी केली होती. कोकणातल्या एकेका गावाची सामाईक खोली असायची. गावाकडून आलेला गडी तिथेच उतरायचा, वळकटी टाकायचा, पाळीनुसार झोपायचा. रात्रपाळीचा माणूस सकाळी येऊन दिवसपाळीवाल्याच्या जागेवर आडवा व्हायचा. त्यांना डबा घालणाऱ्या खानावळवाल्या बायका ही गिरणगावाची खरी बँक, कारण संपात उधारी त्यांच्याकडेच चालायची. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते याच बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवायला. भजनी मंडळं, व्यायामशाळा, कबड्डीचे संघ, युनियनच्या सभा, हे सगळं खोलीत मावत नव्हतं म्हणून बाहेर झालं. जागा अपुरी होती, म्हणून मैदान आपलं झालं.

आणि एक गोष्ट, जी आठवणींच्या पोस्टमध्ये हमखास गाळली जाते. बीडीडीत जात होती. कोणत्या नंबरच्या चाळीत कोण राहतं, हे पोरासोरांनाही ठाऊक असायचं. बौद्ध वस्तीच्या चाळी वेगळ्या, मराठ्यांच्या वेगळ्या. जानेवारी १९७४ मध्ये वरळीत दलित पँथरच्या सभेवरून दंगल पेटली ती याच चाळींमध्ये, आणि काही दिवसांनी परळच्या मोर्चात भागवत जाधव हा तरुण वरून टाकलेल्या दगडाने मेला. चाळीत सगळे एका कुटुंबासारखे राहायचे हे वाक्य मीही लहानपणापासून ऐकलंय. कुटुंबात वाटण्या कशा होतात हे आपल्याला माहीत असतंच, तेवढं लक्षात ठेवून ते ऐकावं.

मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांचा संप, सुमारे अडीच लाख कामगार. बाबा साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या मागांवर, होते. संप कधी मागे घेतलाच गेला नाही, गिरणी मात्र त्यांच्यासाठी संपली. पुढे ते वॉचमन झाले. यावर आजवर खूप लिहून झालंय, मी भर घालत नाही. संपानंतरही आम्ही मुंबईत टिकलो त्याचं एकच कारण होतं. खोली सरकारी, भाडं किरकोळ. पगार थांबला तरी डोक्यावरचं छप्पर थांबलं नाही. खाजगी मालकाची खोली असती तर बिऱ्हाड केव्हाच संगमेश्वरला गेलं असतं.

मला मुख्य बोलायचंय ते इथून पुढचं. गिरणगावाच्या पुनर्विकासाच्या दोन कथा आहेत. त्या एकाच माणसाच्या आहेत, पण त्याचं पुढे काय झालं ते जमीन कुणाची यावर ठरलं.

पहिली कथा गिरण्यांच्या जमिनीची. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम होता. गिरणीची जागा विकायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल झाला. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीची, असं ठरलं. गिरणी म्हणजे बांधकामच, मोकळी जागा असणार किती? प्रकरण कोर्टात गेलं. उच्च न्यायालयात लोकांच्या बाजूने निकाल लागला आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो फिरला. आज लोअर परळला उतरून बघा, मॉल आहेत, काचेची ऑफिसं आहेत, मैदान शोधावं लागतं. घरांसाठी अर्ज केलेले गिरणी कामगार आणि त्यांचे वारस दीड लाखाच्या वर. त्यांतल्या थोड्यांना घरं लागली. बाकीच्यांना सांगितलं गेलं शेलू आणि वांगणी. बदलापूरच्याही पुढे! ९ जुलै २०२५ ला हे म्हातारे लोक आझाद मैदानावर मोर्चा घेऊन आले होते, मुंबईतच घर द्या म्हणून.

दुसरी कथा बीडीडीची. २२ एप्रिल २०१७ ला भूमिपूजन, ऑगस्ट २०२१ मध्ये वरळीत प्रत्यक्ष कामाला सुरुवात, आणि मोर्च्यानंतर जेमतेम महिन्याभराने पहिल्या चाव्या. ५०० चौरस फूट, दोन बेडरूम, मालकी हक्काने, फुकट, आणि जिथे राहत होते तिथेच. वरळीत! आजूबाजूला ज्या भावाने घरं विकली जातात तो आकडा लिहिताना माझी शून्यं चुकतील. हे शक्य झालं कारण जमीन सरकारची, चाळी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या आणि काम म्हाडाकडे. खर्च तिथेच बांधून बाजारभावाने विकायच्या टॉवरमधून काढायचा, म्हणजे बाजाराला पूर्ण दार बंद नाही, पण मधला मालक नाही. गिरगाव-काळबादेवीच्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या खाजगी मालकांच्या जुन्या, इमारतींत भाडेकरू, मालक, बिल्डर असा तिघांचा खेळ वीस-वीस वर्षं चालतो आणि संक्रमण शिबिरात पिढ्या संपतात. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना कळेल मी काय म्हणतोय.

म्हणून ‘टॉवर आले, आत्मा गेला’ या वाक्याचा मला राग येतो. गिरणगावात गेल्या चाळीस वर्षांत गरीब माणूस जागेवर राहिला अशी उदाहरणं बोटावर मोजण्याइतकी आहेत, त्यांतलं हे सगळ्यात मोठं. त्याला नाकं मुरडू नका.

हे आपोआपही झालेलं नाही. आधी करारनामा नोंदवा, मग खोली सोडतो, असं म्हणत नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरचे लोक अडून बसले होते. तेव्हा पेपरवाले त्यांना विकासाचे विरोधक ठरवत होते. माझी वहिनी त्या सभांना जायची. तिचं म्हणणं सोपं होतं : “भाऊजी, तोंडी शब्दावर माझ्या सासऱ्यांची नोकरी गेली. आता कागद दाखवल्याशिवाय मी कुलूप लावणार नाही.” पात्रता यादीच्या वेळीही तेच. आजोबांच्या नावाची पावती, बाबांच्या नावाची पावती, मृत्यूचा दाखला, मग दोन्ही मुलांची प्रतिज्ञापत्रं. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात भाऊ इतक्या वेळा गेला की तिथला शिपाई त्याला चहा पाजायला लागला. आता ते दरमहा २५ हजारांच्या भाड्यावर बाहेर राहतात. त्या पैशात दादरच्या आसपास काय मिळतं ते विचारू नका, वहिनी विक्रोळीला आहे.

आता काळजीचं. घर फुकट मिळतं, राहणं फुकट नसतं. चाळीस मजल्यांच्या इमारतीत लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, सुरक्षारक्षक हे सगळं बारा महिने चालवावं लागतं. सुरुवातीच्या काही वर्षांची देखभालीची तरतूद आहे, ती संपल्यावर काय? चाळीत महिन्याचं भाडं म्हणजे एका भाजीचे पैसे असायचे. पेन्शन नसलेला वॉचमन, घरकाम करणारी बाई, कुरिअरवाला पोरगा मेंटेनन्सचं हजारोंचं बिल कुठून भरणार? तो घर विकेल, आणि विकत घेणारा दारातच उभा असेल. मग बारा-पंधरा वर्षांनी पाट्यांवरची आडनावं बदललेली असतील आणि तुम्ही पुन्हा पोस्ट लिहाल, मराठी माणूस मुंबईतून कसा गेला. त्यापेक्षा आत्ताच विचारा की विक्रीच्या टॉवरमधून येणाऱ्या पैशातला किती हिस्सा या इमारतींच्या कायमच्या देखभालीसाठी बाजूला राहणार आहे. नव्या सोसायट्यांच्या पहिल्या सर्वसाधारण सभेत भांडायचा मुद्दा हा आहे, पार्किंग नव्हे.

दुसरं, मंडळांचं काय? वीस खोल्यांच्या पॅसेजमध्ये माणूस पडला तर आवाज जायचा. लिफ्टच्या लॉबीत चार दारं, तीही बंद. दारं उघडी ठेवा असं मी कुणाला सांगणार नाही, माझंही बंदच असतं. पण व्यायामशाळा, वाचनालय, विहार, गणपतीची जागा, बालवाडी यांना नकाशात हक्काची जागा मिळाली की नाही, यावर तिथलं पुढचं जगणं अवलंबून आहे. पोडियमवरची, म्हणजे टॉवरखालच्या पार्किंगच्या छतावरची, हिरवळ आणि वरळीच्या चाळींचं जांबोरी मैदान या एकाच मापाच्या गोष्टी नाहीत. पोडियमवर कुणी कबड्डी खेळू देत नाही.

जाता जाता एक गंमत. २०२२ मध्ये या वसाहतींना नवी नावं जाहीर झाली. वरळीला बाळासाहेब ठाकरे नगर, नायगावला शरद पवार नगर, ना. म. जोशी मार्गाला राजीव गांधी नगर. तेव्हा सत्तेत पक्ष तीन होते, नावंही तीन. आमच्या नायगावात ते नाव घेऊन पत्ता विचारलात तर दोन तास फिराल, बीडीडी म्हणा, लगेच सांगतील.

आणि शिवडी? तिथे चौथा पक्ष नव्हता म्हणून नाव नाही, असं आम्ही गमतीने म्हणतो. खरं कारण जमिनीचंच आहे. शिवडीच्या १२ चाळी उभ्या आहेत मुंबई पोर्टच्या जागेवर, म्हणजे केंद्राच्या. त्यामुळे बाकीच्या १९५ चाळींची योजना पुढे गेली आणि या बारा मागे राहिल्या. खोली तीच १६० फुटांची, काँक्रीट तेच शंभर वर्षांचं, आतलं लोखंड तसंच गंजलेलं, आणि पावसाळ्यात छताचे पोपडे तसेच पडतात. मालक वेगळा, एवढाच फरक. चाळसंस्कृतीसाठी ज्यांचं मन भरून येतंय त्यांनी आपल्या खासदारांना या बारा चाळींबद्दल एक पत्र लिहावं. मसुदा मी करून ठेवलाय, इनबॉक्समध्ये मागा, पाठवतो.