अजून पीएचपीच?

नव्या टीमची ओळखपरेड. नाव, अनुभव आणि ‘आवडती प्रोग्रॅमिंग लँग्वेज’. हा तिसरा प्रश्न कुणाच्या सुपीक डोक्यातून निघतो कोण जाणे. मी ‘पीएचपी’ (वेबसाइटी चालवणारी जुनी लँग्वेज) म्हणून मोकळा झालो आणि शेजारच्याकडे पाहिलं. आता त्याची पाळी. पण तो स्वतःचं नाव सांगेचना.

"अजून?" त्याने विचारलं.

वयाने माझ्याहून बराच लहान. लॅपटॉपच्या झाकणावर रस्ट या नव्या लँग्वेजचा तो नारिंगी खेकडा.

"हो, अजून."

"कंपनीचं काम म्हणून ना, सर? स्वतःचं काही लिहिता तेव्हा...?"

"तेव्हाही पीएचपीच."

त्याने क्षणभर डोळे मिटले. मग आवाज खाली आणून, "म्हणजे तुमच्याकडे बॉरो चेकरच नाही?" बॉरो चेकर म्हणजे रस्टमधला, मेमरीच्या उसनवारीवर नजर ठेवणारा पहारेकरी. सूर असा, की घरात कुणी वडीलधारं नाही का? मी म्हटलं, बाबा रे, रिक्वेस्ट संपली की आमची मेमरी आपोआप मोकळी होते, उसनवारीचा हिशेब ठेवतोय कोण! तो बाकीच्यांकडे वळून हसला. बाकीचेही हसले. त्यात जावास्क्रिप्टवाले आघाडीवर! १९९५ साली दहा दिवसांत उभी केलेली यांची भाषा. ‘नल’चा, म्हणजे ‘काहीच नाही’चा, प्रकार विचारला तर आजही बेधडक ‘ऑब्जेक्ट’ म्हणून सांगते. आणि हे मला हसणार. पायथनवाला तेवढा गप्प होता. तिसरी आवृत्ती २००८ ला आली आणि दुसरीला निरोप द्यायला २०२० उजाडलं. एवढं सोसलेला माणूस सहसा दुसऱ्याला हसत नाही.

"आणि सर, इन-ॲरेमध्ये जे शोधायचं ते आधी द्यायचं, स्ट्रपॉसमध्ये नंतर. याला काय अर्थ आहे?"

काहीच अर्थ नाही. दोन्ही पीएचपीचीच शोधणारी फंक्शन्स, एक यादीत शोधतं, दुसरं मजकुरात; तरी क्रम उलटा. मीही दर वेळी मॅन्युअल उघडतो. पण आमच्या घरातली भांडणं यानं चारचौघांत काढायची काय गरज? ज्या विकिपीडियावर हा रोज शहाणपण वेचतो, तोसुद्धा पीएचपीवरच चालतो. हे मला सुचलं ते अर्थातच मीटिंग संपल्यावर.

खरी चीड वेगळीच आहे. अशी मंडळी ‘सगळं नव्याने लिहू’ म्हणत येतात, अर्धं लिहितात, ते बायोडेटात घालतात आणि दुसरीकडे निघून जातात. मग जुनं आणि अर्धवट नवं, दोन्ही सांभाळायला मागे कोण? पगारवाढीच्या वेळी ‘नवीन तंत्रज्ञानात कमी पडतो’ असा शेरा कुणाला? जाऊ दे.

तूर्तास साहेबांनी त्याला माझं बिलिंग मॉड्यूल समजून घ्यायला बसवलंय. काल संध्याकाळी त्याचा मेसेज आला : "सर, शब्द अगदी सुरुवातीलाच आहे, डोळ्यांना दिसतोय, तरी इफच्या आत जातच नाही. स्ट्रपॉस शून्य देतोय. म्हणजे सापडला की नाही सापडला?"

उत्तर मला तोंडपाठ होतं : सापडला. स्ट्रपॉस जागा शून्यापासून मोजतो आणि इफ शून्याला ‘नाही’ समजतो. ‘मॅन्युअलमध्ये आहे’ एवढंच लिहिलं आणि फोन सायलेंटवर टाकला.