बारावी झालास ना? आता मातीला चल

बारावीला अठ्ठेचाळीस टक्के पडले म्हणून घरात सुतक पाळू नकोस गड्या, पुढारी हो. तलाठी व्हायचं तर पदवी लागते. १९९५ पासून पुढं जन्मलेल्याला सरपंच व्हायचं तर सातवी पास लागतं. आमदाराला मात्र शिक्षणाची अटच नाही, वयाची पंचवीस वर्षं भरली की झालं. वर चढत जाशील तसा पेपर सोपा होत जातो. असा कोर्स पुण्यात तरी मिळतो का?

पहिल्यांदा नाव बदल. आईबापानं ठेवलेलं चालत नाही. आपल्या सांगली जिल्ह्यात अडचण एवढीच, की चांगली नावं आधीच संपलीत. दादा म्हटलं की वसंतदादा, बापू म्हटलं की राजारामबापू, अण्णा म्हणजे वाळव्याचे नागनाथअण्णा, आबा म्हणजे अंजनीचे आर. आर. आबा. तुझ्यासाठी 'भैय्या' उरलंय. घे.

शिक्षण कुणी काढलंच तर वसंतदादांना पुढं करायचं. "दादा कुठं कॉलेजात गेले होते? मुख्यमंत्री झालेच की!" एवढ्यावर थांबायचं. २४ जुलै १९४३ ला सांगलीचा तुरुंग फोडताना दादांनी अंगावर गोळी झेलली होती, हा धडा आपल्या सिलॅबसला नाही. यशवंतराव वकील होते, आबांनीही एलएल.बी. केलं होतं, हे तर चुकूनही बोलू नकोस. आणि गंमत बघ, कॉलेज न बघितलेल्या त्याच दादांनी १९८३ मध्ये विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडून दिलं. तिथली पोरं आता एमआयडीसीत चिकटायला तुझ्याकडं शिफारसपत्र मागायला येतील. मजकूर त्यांनाच लिहायला लाव. तुझं ऱ्हस्व-दीर्घ कच्चं आहे.

खरा अभ्यास मातीचा. मयताची खबर ग्रुपवर पडली की पांढरा शर्ट अंगात पाहिजे, म्हणून दोन कायम इस्त्री करून ठेव. मयत कोण, हे वाटेत विचारता येतं. माती चुकली तरी तिसऱ्या दिवशीचं रक्षाविसर्जन चुकवू नको, तिथं माइक असतो. आमच्या आप्पांच्या रक्षाविसर्जनाला असाच एक भैय्या आला. माइक हातात घेऊन "आप्पांचं सहकारातलं योगदान" यावर दहा मिनिटं बोलला. आप्पांचं सहकारातलं योगदान म्हणजे विकास सोसायटीची थकबाकी. चुलतीनं पदर तोंडाला लावला. भैय्याला वाटलं हुंदका आला, त्यानं आणखी पाच मिनिटं वाढवली.

लग्नाला मात्र वेळेवर जायचं नाही. मुहूर्त टळू दे, भटजी घड्याळ बघू देत, अक्षता घामानं हातात चिकटू देत. तू शिरताना निवेदकानं नाव पुकारलं पाहिजे.

वाढदिवसाला फ्लेक्स. वर साहेब, त्याखाली तू, आणि तळाला गोट्या-गोट्यांएवढी शुभेच्छुक पोरं. आमच्या चौकातला फ्लेक्सवाला हुशार आहे, वरच्या साहेबांचा तुकडा वेगळा छापून चिकटवतो. साहेब बदलले तर तेवढंच उचकटायचं. गेल्या पाच-सहा वर्षांत त्याचा चांगला धंदा झाला म्हणतात.

समाजकार्य म्हणशील, तर टेंभू नाहीतर म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी सुटलं की ओढ्यावर नारळ घेऊन पळ. पंप कुणी चालू केला, लाइटबिल कुणी भरलं, हे नारळ फोडणाऱ्याला कुणी विचारत नाही. कृष्णेला पूर आला तर तांदळाच्या पिशवीवर फोटो छाप, पण पाण्यात न उतरणाऱ्या शाईनं. २०१९ सारखं आलं तर पिशवी वाहत जाईल, तेवढाच पुढच्या गावात प्रचार.

हातात सात वर्षं आहेत. तोवर वडील विचारणार, रात्रीची लाइट आलीय, उसाला पाणी कोण पाजणार? फोन कानाला लावायचा, "साहेबांचा आहे" म्हणायचं आणि उंबऱ्याबाहेर पडायचं. बॅटरी संपली असली तरी चालतं.