फोटो काढला म्हणून मोबाईल हिसकावता, कोणत्या कायद्यानं?

डोकं फिरलंय आज. सकाळी तालुक्याला जायचं होतं, बस पाऊण तास लेट, आणि आली ती अशी की मागच्या सीटजवळ पत्रा सडून चांगलं हातभर भोक पडलेलं, त्यातून खालचा डांबरी रोड पळताना दिसून राहिला होता. त्या भोकाच्या इकडे एक पाय न तिकडे एक पाय ठेवून आठवी-नववीतली पोरगी उभी, पाठीवर दप्तर, वरच्या दांड्याले हात पुरत नाही. मी वाकून फक्त भोकाचा फोटो काढला, पोरीचा चेहरा येऊ दिला नाही, कारण कोणाच्या लेकीबाळीचा फोटो न विचारता काढू नये एवढं मलाही समजतं.

तर कंडक्टर अंगावरच आला. "काहून फोटू काढून रायला बे? परमिशन हाय का तुयाजवळ?" न मोबाईलच हिसकावला. स्टँडवर उतरल्यावर तिथल्या साहेबानं समोर उभं करून फोटो डिलीट करायला लावला, डिलीट झालेल्या फोल्डरमधूनही काढायला लावला. मनाईचा बोर्ड दाखवा म्हटलं तर म्हणे सरकारी कामात अडथळ्याची केस टाकतो. अरे कसला अडथळा? न्याय संहितेतलं ते १३२ कलम लावायला हल्ला नाहीतर बळजबरी लागते, मी काय कोणाची कॉलर पकडली होती का, हिसकाहिसकी तर तुमच्या माणसानं केली!

आपल्याच वर्ध्याची केस आहे. २०१८ मध्ये एकानं पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून त्याच्यावर १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा लावला, म्हणजे इंग्रजांनी हेर पकडायला केलेला कायदा. २०२२ मध्ये नागपूर खंडपीठानं तो गुन्हा रद्द केला, पोलीस ठाणं त्या कायद्यातलं प्रतिबंधित ठिकाण नाही म्हणून सांगितलं. ठाणं नाही तर बसचा सडलेला पत्रा कुठून गुपित झाला?

आणि आमच्याकडून मात्र रात्रंदिवस फोटो पाहिजे. वावरात उभं राहून पराटीचा फोटो टाका, नाहीतर ई-पीक पाहणी होत नाही, रेंज नसते तर धुऱ्यावर मोबाईल वर धरून फिरा. घरकुलाचा हप्ता पाहिजे, पायव्याचा फोटो, भिंतीचा फोटो. रोजगार हमीवर २०२३ पासून दिवसातून दोनदा फोटो, माझ्या काकूचा दुपारचा फोटो चढला नाही तर उन्हात माती वाहिलेल्या दिवसाची मजुरी अडकली. आमचं काम फोटोशिवाय खरं मानत नाही न तुमच्या कामाचा एक फोटो काढला की आम्ही गुन्हेगार? तिकीट काढून बसलो होतो ना मी त्या गाडीत!

सगळ्यात संताप कशाचा आला सांगू का, फोटो डिलीट झाल्यावर त्यांनी त्या भोकावर सोयाबीनचं रिकामं पोतं टाकलं. पत्र्याचा तुकडा नाही, फळी नाही, पोतं! आता चढणाऱ्याला भोक दिसणारच नाही, पाय थेट आतमध्ये जाईल. संध्याकाळी शाळा सुटल्यावर पोरं त्याच गाडीनं परत येतात.

उद्या मी पुन्हा त्याच गाडीनं जाणार आहो. पोतं उचलून फोटो काढणार, गाडीच्या नंबरासकट, आणि या वेळी काढल्या काढल्या गावातल्या चार जणांना पाठवून ठेवणार.